पात्रता आणि अनुकंपा : वळिवड्यापासून युक्रेनपर्यंत
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



रत्नागिरीच्या कापड व्यापाऱ्यास कोल्हापूरजवळच्या गांधीनगरची वाट निराळी सांगावी लागत नाही. पाली, नाणीज, साखरपा मागे टाकून आंबा घाट चढला, की मलकापूरमार्गे कोल्हापूर आणि तेथून पुढे गांधीनगरची घाऊक पेठ. लग्नसराईचा माल असो, गणपतीचा असो वा शाळांच्या गणवेशाचे तागे असोत, कोकणातील कित्येक दुकानांची खरेदी याच पेठेतून होत आली आहे. ही पेठ सिंधी बांधवांनी उभी केली हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु सिंधी कुटुंबे ज्या बराकींत प्रथम उतरली, त्या बराकी त्यांच्यासाठी बांधलेल्या नव्हत्या, हे फार थोड्यांस माहीत असते. त्या बांधल्या होत्या पोलंडहून आलेल्या लोकांसाठी. आणि त्यांतील अनेकांची घरे आज युक्रेन या देशात आहेत.

गेल्या काही वर्षांत युक्रेनच्या निर्वासितांचा प्रश्न जगभर गाजतो आहे. त्यांना कोणत्या देशाने काय द्यावे, शिधा द्यावा की रोख रक्कम, औषधोपचार मोफत असावेत की कसे, आणि हे सर्व किती दिवस, यावर युरोप व अमेरिकेत कायद्यांमागून कायदे झाले. तो विषय दूर देशीचा वाटतो. वस्तुतः त्याची एक आवृत्ती आपल्या घाटावर ऐंशी वर्षांपूर्वी घडून गेली आहे. दान देणाऱ्या प्रत्येक संस्थेस तिच्यातून पुष्कळ घेण्यासारखे असल्याने सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी हा विषय योजिला आहे.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर पश्चिमेकडून आक्रमण केले. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत रशिया आत शिरला. ल्वूव, तार्नोपोल, व्होलिन हा जो पूर्व पोलंडचा भाग रशियाने घेतला, तेथील लक्षावधी पोलिश लोकांना १९४० च्या फेब्रुवारीपासून पुढे मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानकडे नेण्यात आले. शेतकरी, शिक्षक, वनरक्षक, त्यांच्या बायका, मुले, वृद्ध आईबाप, असे सारेच त्यांत होते. १९४१ च्या जूनमध्ये हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा जुलैत पोलंडचे लंडनस्थित सरकार व रशिया यांच्यात करार होऊन या लोकांची सुटका झाली. सुटका म्हणजे काय, तर जेथे आहात तेथून चालू लागा! जनरल अँडर्स यांच्या सैन्याबरोबर १९४२ मध्ये त्यांतील काही भाग कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात पोहोचला. सैनिक युद्धावर गेले. बायकामुलांचे काय करावयाचे, हा प्रश्न उरला.

त्या वेळी नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे पोलिश मुलांसाठी छावणी उघडली. ती १९४२ ची गोष्ट. त्या गोष्टीस अलीकडे बरीच प्रसिद्धी मिळाली आहे. त्याहून कितीतरी मोठी छावणी मात्र १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानाच्या हद्दीत, पंचगंगेच्या काठी, वळिवडे येथे वसली. सुमारे पाच हजार पोलिश माणसे, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले, १९४८ च्या आरंभापर्यंत तेथे राहिली. शाळा होत्या, इस्पितळ होते, चर्च होते, नाट्यगृह होते. कुटुंबांना स्वतंत्र खोल्या व स्वयंपाकघर मिळे. अनाथ मुलांची सोय निराळी होती. क्षयाच्या व अशक्त रुग्णांसाठी पाचगणीस व्यवस्था होती. आसपासच्या गावांतील माळी, गवळी, शिंपी छावणीत ये-जा करीत आणि त्यांच्यापैकी कित्येकांस कामापुरती पोलिश भाषा येऊ लागली, असे त्या काळच्या आठवणींत वाचावयास मिळते. बाजारात भाषा किती लवकर येते हे व्यापाऱ्यास सांगावयास नको.

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात या लोकांचा स्मृतिस्तंभ १९९८ मध्ये उभारण्यात आला. भगवान महावीरांच्या नावाच्या उद्यानात तो उभा आहे हा योगायोग खरा, पण मोठा सुंदर योगायोग. कोल्हापूरकरांनी तो आस्थेने जपला आहे.

आता मुद्द्याकडे यावयाचे. हे पाच हजार लोक खात-पीत, शिकत, औषधपाणी घेत पाच वर्षे राहिले, ते कोणाच्या पैशावर? आणि कोणत्या हक्काने?

पुष्कळ भाषणांत असे सांगितले जाते की, भारताने त्यांना पोसले. कृतज्ञता म्हणून हे ठीक; हिशेब म्हणून पुरेसे नाही. भारतातील संस्थानिकांनी व दानशूर व्यापाऱ्यांनी मुलांसाठी निधी दिला हे खरेच आहे. परंतु वळिवड्याच्या खर्चाचा मुख्य भार पोलंडच्या लंडनमधील सरकारवर, म्हणजे ब्रिटनने त्या सरकारला दिलेल्या पतीवर होता. त्या सरकारचे प्रजाजन म्हणून ही माणसे साहाय्यास पात्र होती. त्यांच्यामागे एक सरकार होते, त्या सरकारची खतावणी होती, आणि खतावणीत प्रत्येकाचे नाव होते. माणूस भुकेला आहे एवढ्याने शिधा मिळत नसे. त्याचे नाव कोणत्या तरी पानावर असावे लागे.

याच १९४३ साली बंगालमध्ये काय चालले होते ते येथे सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे मेली, असा अंदाज आहे. इंग्रज सरकारपाशी दुष्काळसंहिता होती. दुष्काळ जाहीर झाला, की कामे काढावयाची, अशक्तांना फुकट अन्न द्यावयाचे, असे तीत स्पष्ट लिहिलेले होते. सरकारने त्या संहितेखाली दुष्काळ जाहीरच केला नाही. जाहीर न केल्यामुळे संहितेतील बंधने लागू झाली नाहीत. कलकत्त्याच्या रस्त्यावर पडलेला शेतकरी त्याच राज्याचा प्रजाजन होता, पण कागदावर दुष्काळ नव्हता, म्हणून तो दुष्काळग्रस्त नव्हता. वळिवड्यातील पोलिश मातेला दूध मिळाले याचे वैषम्य कोणीही मानू नये. तिने सैबेरियात जे भोगले ते शत्रूच्याही वाट्यास येऊ नये. परंतु एकाच वर्षी, एकाच सत्तेखाली, एकीला दूध मिळते आणि दुसरीला पेजही मिळत नाही, हा भेद दोघींच्या भुकेत नव्हता; तो केवळ पात्रतेच्या कागदात होता. दान देणाऱ्याने हे विसरता कामा नये.

रत्नागिरीस तर अशा कागदाची गोष्ट मुळीच नवी नाही. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८६ पासून १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत या शहरात राहिला, आणि सरकारी तनख्यावर राहिला. तो निर्वासित नव्हता, कैदी होता. ज्याला आपणच बंदी केले त्याला पोसणे सरकारला भागच होते, म्हणून तनखा मिळाला. त्याची ज्येष्ठ कन्या पुढे रत्नागिरीतच राहिली आणि तिची मुलगी तर या गावात अगदी सामान्य, गरिबीचे आयुष्य जगली. राजाची नात असणे ही कोणत्याही कार्यालयात पात्रता ठरली नाही. तिला आधार मिळाला तो शेजारपाजारचा.

पोलिश लोकांची खतावणीही एक दिवस बंद झाली. १९४५ च्या जुलैत ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्सामधील नव्या सरकारला दिली. माणसे तीच, बराकी त्याच, पण त्यांचे पान फाडले गेले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मदत संस्थेकडे त्यांची जबाबदारी आली, आणि त्या संस्थेचा कल त्यांना मायदेशी पाठविण्याकडे होता. मायदेश कोठला? ल्वूव, तार्नोपोल ही गावे आता पोलंडमध्ये राहिलीच नव्हती. ती सोव्हिएत युक्रेनमध्ये गेली होती. ज्या राजवटीने त्यांना घराबाहेर ओढले, तिच्याच हाती घर गेलेले. बहुतेकांनी परत जाण्यास नकार दिला.

१९४७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने पोलिश पुनर्वसनाचा कायदा केला. ब्रिटिश सेनापतींच्या हाताखाली लढलेल्या पोलिश सैनिकांना आणि त्यांच्या आश्रितांना निवास, निर्वाहभत्ता, शिक्षण व वैद्यकीय मदत देण्याची तरतूद त्यात होती. फार चांगला कायदा. वळिवड्यात मात्र त्यामुळे एक नवीच विभागणी झाली. जिचा पती वा मुलगा सैन्यात होता, ती इंग्लंडला जाण्यास पात्र ठरली. जिचा पती सैबेरियातच मेला होता, म्हणजे जिच्यावर अधिक आपत्ती कोसळली होती, तिच्याजवळ दाखविण्यास सैनिक नव्हता. अशांपैकी कित्येक पूर्व आफ्रिकेतील छावण्यांत गेले, काही पुढे ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेस पांगले. पात्रतेचे निकष बहुधा असेच चालतात. ते ठरविणाऱ्याची नियत वाईट नसते, परंतु निकष पुराव्याकडे पाहतो, आणि सर्वाधिक लुटल्या गेलेल्या माणसापाशी पुरावा सर्वांत कमी असतो.

पोलिश लोक गेले आणि त्या बराकींत सिंधी आले. त्यांच्या बाबतीतही हाच अनुभव. १९५४ च्या विस्थापित व्यक्ती (भरपाई व पुनर्वसन) कायद्यात विस्थापित कोण याची व्याख्या तारखेने बांधलेली आहे : १ मार्च १९४७ नंतर जो पश्चिम पाकिस्तानातील आपले राहते ठिकाण सोडून आला, तो. संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदात १९ जुलै १९४८ ही तारीख आहे. तिच्या आधी आलेल्याचे नागरिकत्व सोपे, नंतर आलेल्यास नोंदणी करावी लागली. आणि भरपाई मिळाली ती ज्याचा स्थावर मालमत्तेचा दावा पडताळणीत टिकला त्याला. हैदराबाद-सिंधमध्ये ज्याची हवेली होती त्याचा दावा झाला. जो त्या हवेलीत भाड्याने राहून फेरी करीत होता, त्याच्या दाव्यात लिहावयास काही नव्हते. त्याने वळिवड्याच्या बराकीपुढे कापडाचे गाठोडे सोडले आणि धंदा मांडला. आजची गांधीनगरची पेठ अशा माणसांच्या कष्टातूनही उभी राहिलेली आहे. ते कष्ट थोर आहेत. पण त्या थोरवीचा आधार घेऊन, गरजूस काही न दिले तरी तो उभा राहतोच, असा निष्कर्ष जे काढतात, त्यांनी जे उभे राहू शकले नाहीत त्यांची मोजदाद केलेली नसते.

आता युक्रेनकडे. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर व्यापक आक्रमण केले. काही आठवड्यांत लक्षावधी स्त्रिया-मुले सरहद्द ओलांडून प्रथम पोलंडमध्ये आली. ज्यांच्या आज्या वळिवड्यात वाढल्या, तोच देश आता यजमान झाला. लोकांनी आपली घरे उघडली. घरात निर्वासित ठेवणाऱ्यास पोलंड सरकारने दरदिवशी माणशी ४० झ्लॉटी दिले. आलेल्यांना पोलिश नागरिकांप्रमाणे ओळखक्रमांक मिळाला, आणि त्या क्रमांकावर दवाखाना, शाळा, नोकरी व मुलांचा मासिक भत्ता. हा भत्ता पोलिश मुलांइतकाच, प्रारंभी ५०० आणि जानेवारी २०२४ पासून ८०० झ्लॉटी होता.

युरोपीय संघाने २००१ साली करून ठेवलेला, पण तोवर एकदाही न वापरलेला तात्पुरत्या संरक्षणाचा नियम ४ मार्च २०२२ रोजी लागू केला. त्याची खुबी अशी की, प्रत्येक माणसाची वेगळी चौकशी नाही. युक्रेनमधून आला एवढे दिसले, की राहण्याचा, काम करण्याचा, उपचाराचा व मुलांच्या शिक्षणाचा हक्क. त्याची मुदत वाढत वाढत ४ मार्च २०२७ पर्यंत नेण्यात आली आहे आणि ४० लाखांहून अधिक लोक त्याच्या छत्राखाली आले. जैन परिभाषेत बोलावयाचे तर हे आधी अभयदान आणि मागाहून आहारदान, औषधदान, ज्ञानदान. अभय प्रथम, कारण उद्या हाकलून देतील या भीतीत असलेल्या माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही.

परंतु तेथेही रेषा होतीच. युक्रेनमध्ये तात्पुरत्या परवान्यावर शिकणारे परदेशी विद्यार्थी, ज्यांना आपल्या देशी सुखरूप परतता येते, ते या संरक्षणात सरसकट धरले गेले नाहीत. त्यांत हजारो भारतीय होते, महाराष्ट्राची मुलेही होती. त्यांना पोलंड, रुमानिया, हंगेरी यांनी आत घेतले आणि भारत सरकारने ऑपरेशन गंगाखाली विमानांनी परत आणले. येथे मात्र ती रेषा अन्यायाची म्हणता येणार नाही. ज्याला परतण्यास घर आहे आणि ज्याला नाही, या दोघांत फरक करणे रास्तच आहे.

अमेरिकेने निराळा मार्ग धरला, आणि तो आपल्यासारख्या संस्थांनी बारकाईने पाहण्याजोगा आहे. एप्रिल २०२२ मध्ये तेथे युक्रेनियन लोकांसाठी एक योजना निघाली. अमेरिकेत राहणाऱ्या कोणी तरी जामीनदार व्हावे आणि त्याच्या हमीवर युक्रेनियन माणसाला दोन वर्षांसाठी आत घ्यावे. या प्रवेशास तेथे पॅरोल म्हणतात. आपल्याकडे हा शब्द तुरुंगातील कैद्याच्या रजेसाठी ठाऊक आहे; तेथे तो व्हिसाविना दिलेल्या तात्पुरत्या प्रवेशासाठीही वापरतात. आता गोम अशी की, पॅरोलवर आलेला माणूस कायद्याच्या भाषेत निर्वासित नव्हे. १९९६ च्या अमेरिकन कायद्यानुसार अशा माणसास केंद्र सरकारच्या गरीबांसाठीच्या अनेक योजनांकरिता साधारणतः पाच वर्षे थांबावे लागते. म्हणजे बॉम्बमधून वाचून आलेल्या मातेला अन्नसाहाय्य मिळावयाचे ते पाच वर्षांनी, आणि तिचा मुक्कामच दोन वर्षांचा!

ही विसंगती मे २०२२ मध्ये अमेरिकन काँग्रेसने खास कायदा करून दूर केली. २४ फेब्रुवारी २०२२ ते ३० सप्टेंबर २०२३ या काळात पॅरोलवर आलेल्या युक्रेनियनांना निर्वासितांप्रमाणेच अन्नसाहाय्य, गरिबांसाठीची आरोग्य योजना, वृद्ध व अपंगांचा भत्ता आणि पुनर्वसनाची मदत मिळेल, असे त्यात ठरले. पुढे ती शेवटची तारीख ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत वाढविण्यात आली. जो पर्यटक म्हणून व्हिसावर आला आणि युद्धामुळे अडकला, तो याच गावचा, याच बॉम्बचा बळी असूनही या कायद्यात बसत नव्हता. त्याचा शिक्का वेगळा. पुढे जानेवारी २०२५ मध्ये ती प्रवेश योजनाच स्थगित झाली, आणि ४ जुलै २०२५ च्या कायद्याने अन्नसाहाय्याच्या पात्रतेतून पॅरोलधारकच नव्हे तर निर्वासितांचा मोठा वर्गही वगळला. म्हणजे तीन वर्षांत एकाच कुटुंबाने अपात्र, पात्र आणि पुन्हा अपात्र अशी तिन्ही रूपे पाहिली. त्या काळात त्यांच्या घरावरचे संकट मात्र सरले नव्हते.

पोलंडनेही हात हळूहळू आवरता घेतला, पण रीत निराळी होती. यजमानांचा दैनिक भत्ता १२० दिवसांनी, जुलै २०२२ पासून सर्वसाधारणपणे थांबला. मार्च २०२३ पासून सामुदायिक निवासात १२० दिवसांहून अधिक राहिलेल्यांनी खर्चाचा निम्मा वाटा द्यावा, १८० दिवसांनंतर पाऊण वाटा द्यावा, असे ठरले. अपंग, गरोदर स्त्रिया आदींना सूट होती. २०२५ मध्ये मुलांचा भत्ता पालकाच्या कामाशी आणि मुलाच्या शाळेतील हजेरीशी जोडला गेला. या बदलांवर पोलंडमध्ये बरीच कटुता झाली आणि टीकेत तथ्यही आहे. तरीसुद्धा एक गोष्ट मान्य करावी लागेल : पहिल्या दिवशी काही विचारले नाही, चौथ्या महिन्यात वाटा मागितला, आणि अट घातली ती माणसाच्या हातात असलेल्या गोष्टीची. काम करणे, मुलाला शाळेत घालणे त्याच्या हाती आहे; कोणत्या तारखेस सीमेवर पोहोचलो हे नाही. निकष लावावयाचाच असेल तर तो या जातीचा असावा. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचे तत्त्व याच्या जवळचे होते; जो कामावर येईल तो पात्र, त्याने गरिबीचा दाखला आणण्याची आवश्यकता नाही.

आपल्या परंपरेने पात्रतेचा विचार फार प्राचीन काळी आणि फार सूक्ष्मपणे केलेला आहे. सुपात्रदान आणि अनुकंपादान हे दोन निरनिराळे मानले. सुपात्रदानात घेणाऱ्याची योग्यता पाहावयाची, त्याचे चारित्र्य, संयम, व्रत पाहावयाचे. मुनींना आहार देताना गृहस्थ किती दक्ष असतो हे सर्वांस विदित आहे. अनुकंपादानात घेणाऱ्याविषयी एकच गोष्ट पाहावयाची, की त्याला दुःख आहे काय. तेथे कुल, जाती, धर्म, गाव विचारावयाचे नाही. दिगंबर परंपरेत यालाच करुणादत्ती वा दयादत्ती म्हटले आहे. साधर्मिक वात्सल्य ही तिसरी, आणि तीही आवश्यकच. घोटाळा होतो तो हे तीन खण एकत्र केल्याने. अनुकंपेच्या खणातून द्यावयाचे असताना सुपात्रतेची वा साधर्मिकतेची चौकशी सुरू झाली, की समोरचा माणूस उपाशी परत जातो आणि देणाऱ्यास वाटते, आपण नियम पाळला.

कच्छमधील भद्रेश्वरच्या जगडूशाहाचे नाव येथे घ्यावयास हवे. तेराव्या शतकात गुजरात-कच्छात पडलेल्या भीषण दुष्काळात त्याने आपली धान्याची कोठारे उघडली, हे जगडूचरितात वर्णिलेले आहे. ती कोठारे केवळ जैनांसाठी नव्हती. त्यात एक कथा अशी आहे की, कुलीन पण विपन्न झालेली जी माणसे रांगेत उभी राहण्यास लाजत, त्यांच्यासाठी त्याने रात्री लाडू वाटले आणि लाडवांच्या आत नाणी दडविली. त्या लाडवांना लज्जापिंड म्हणत. आजच्या अर्जाच्या नमुन्यांत उत्पन्नाचा दाखला, दोन प्रतिष्ठित व्यक्तींची शिफारस, छायाचित्र, आणि धनादेश देताना पुन्हा एक छायाचित्र अशी जी मालिका असते, ती लज्जापिंडाच्या पुढे ठेवून पाहावी. हिशेब चोख असलाच पाहिजे. लेखापरीक्षकास पावती दाखवावी लागते. परंतु पावती आणि वर्तमानपत्रातील छायाचित्र या भिन्न वस्तू आहेत.

आपल्या जिल्ह्यात युक्रेनियन नाहीत. त्यांना येथून पैसे पाठवावेत म्हटले, तर भारताबाहेर खर्च केलेल्या उत्पन्नास आयकराची सवलत सामान्यतः मिळत नाही. ते विश्वस्तांस ज्ञात आहेच. परंतु येथे दुसरे लोक आहेत. हापूसच्या बागा राखणारे, फवारणी-काढणीच्या कामावर असणारे आणि मासेमारी नौकांवर खलाशी म्हणून राबणारे नेपाळी लोक रत्नागिरीत सर्वत्र दिसतात. ते निर्वासित नव्हेत. १९५० च्या भारत-नेपाळ कराराने त्यांना येथे राहण्याची, काम-धंदा करण्याची मुभा आहे. पण शिधापत्रिका नाही, कारण ती भारतीय नागरिकासच मिळते. त्यामुळे स्वस्त धान्य नाही, आणि शिधापत्रिकेवर आधारलेल्या इतर योजनाही नाहीत. बागेतल्या झापात मूल तापाने फणफणले, तर दाखविण्यास कागद कोणता?

२०२० च्या टाळेबंदीत हे प्रखरपणे दिसले. त्या वर्षी मे महिन्यात केंद्र सरकारने शिधापत्रिका नसलेल्या स्थलांतरित मजुरांनाही दोन महिने माणशी ५ किलो धान्य देण्याचे जाहीर केले, ही योग्य गोष्ट झाली. महाराष्ट्र शासनाची शिवभोजन थाळी त्या काळात ५ रुपयांना मिळे आणि तेथे कोणी कार्ड मागत नसे. दोन्हींतले दुसरे अधिक सरळ. जेथे ताट हीच मदत आहे तेथे खोटेपणाला वाव किती? पोटभर जेवलेला माणूस केवळ लबाडी म्हणून दुसऱ्यांदा रांगेत उभा राहत नाही. आणि राहिला, तर एका ताटाचे नुकसान.

कायद्याची बाजूही पाहून ठेवावी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात धर्मादाय उद्दिष्टांमध्ये दारिद्र्य वा आपत्ती यांचे निवारण, शिक्षण आणि वैद्यकीय साहाय्य यांचा स्पष्ट समावेश आहे. घेणारा भारताचा नागरिकच असावा असे बंधन त्या व्याख्येत नाही. १९६२ नंतर स्थापन झालेल्या धर्मादाय न्यासाने केवळ एकाच धर्माच्या वा जातीच्या लोकांसाठी उत्पन्न राखून ठेवले, तर उलट करसवलतीस बाधा येऊ शकते, म्हणून सर्वांसाठी खुला असलेला एक भाग असणे व्यवहारदृष्ट्याही हिताचे. शिक्षणहक्क कायद्यात ६ ते १४ वयाचे प्रत्येक बालक असा शब्द आहे, प्रत्येक नागरिक असा नाही. नेपाळी राखणदाराचे मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत बसू शकते, दुपारचे जेवण घेऊ शकते. पुष्कळदा आईबापांना हे ठाऊक नसते, किंवा हंगामाच्या मध्यावर दाखला नाही म्हणून ते शाळेच्या पायरीवरूनच मागे फिरतात. अशा वेळी सोबत मुख्याध्यापकांपर्यंत जाणारे कोणी असणे, हीसुद्धा मदतच. तिला निधी लागत नाही.

सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टच्या साहाय्याच्या नियमावलीचा फेरविचार व्हावयाचा आहे, त्या संदर्भात विचारार्थ काही सूचना मांडणे अस्थानी होणार नाही. साधर्मिक निधी, शिष्यवृत्ती आणि अनुकंपा निधी यांची खाती व नियम पूर्णतः पृथक् असावेत. अनुकंपा खात्यातून पहिल्या पंधरा दिवसांचा शिधा आणि पहिल्या दवाखान्याचा खर्च कोणताही दाखला न मागता, दोन विश्वस्तांच्या सहीने द्यावा. त्याची कमाल रक्कम ठरवून टाकावी म्हणजे लेखापरीक्षणात अडचण येत नाही. त्यापुढचे साहाय्य हवे असल्यास चौकशी अवश्य करावी, परंतु अट घालावयाची ती अर्जदाराच्या आवाक्यातली असावी. मदत थांबवावयाची असेल तर महिनाभर आधी तसे सांगावे. आणि अर्जात धर्म, जात, मूळ गाव हे रकाने अनुकंपा खात्यापुरते तरी काढून टाकावेत. जो रकाना निर्णयासाठी वापरावयाचा नाही, तो छापण्याचे प्रयोजन काय?

यावर एक आक्षेप हमखास येईल, की असे खाते उघडले तर लोंढा लागेल. वळिवड्याच्या वेळीही आणि युक्रेनच्या वेळीही हा आक्षेप कोठे ना कोठे घेतला गेला. खर्चास मर्यादा ठरविण्याचा अधिकार विश्वस्तांचा आहेच, आणि वर्षाची तरतूद संपली की खाते पुढील वर्षापर्यंत थांबेल, हे उघडपणे फलकावर लिहिता येते. निधी अपुरा आहे असे सांगण्यात कमीपणा नाही. निधी असताना कागद अपुरा आहे असे सांगणे टाळावयाचे आहे.

बागांवर माणसे येण्यास पावसाळा सरताच सुरुवात होते आणि मेअखेर ती परततात. नौकांचा हंगाम १ ऑगस्टच्या सुमारास उघडतो. नियमावलीची सभा दिवाळीनंतर ठेवण्याचा विचार ऐकिवात आहे. ती पर्युषणापूर्वी घेतली, तर खाते याच हंगामात चालू होऊ शकेल, एवढी विनंती विश्वस्त मंडळास आहे.